एमिल लॅस्कोची शिफारसपत्रं

एमिल लॅस्को मुलांना पहिला प्रश्न मार्कांचा विचारत नसे. मूल समोर येऊन बसलं की तो चष्मा कपाळावर ढकलायचा आणि म्हणायचा, “बरं, घरी काय चाललंय?” कोल्टरच्या आमच्या हायस्कूलात तीनशे ऐंशी मुलांमागे तो एकटा काउन्सेलर. त्याच्या दाराबाहेरच्या टेबलावर मी, लोइस किश. पत्रं टाइप करणं, गुणपत्रकांवर शिक्के मारणं, पाकिटं चिकटवणं आणि आतून रडत बाहेर येणाऱ्या मुलापुढे टिश्यूचा डबा सरकवणं ही माझी कामं. एकवीस वर्षं केली. तेव्हा एमिलबद्दल मी जे सांगणार आहे ते ऐकीव नाही.

काचेचा कारखाना चालू होता तोवर आमच्या गावाला काउन्सेलरची गरजच नव्हती. मुलगा असेल तर भट्टीवर, मुलगी असेल तर पॅकिंगला. एमिलच्या आधी त्या खोलीत मिस्टर ऑर्बन बसायचे. ते मुळात फुटबॉलचे कोच. मुलांच्या भवितव्याचं काम ते मैदानावरून ऑफिसात येता येता उरकून टाकायचे. मग कारखान्याला कुलूप लागलं, ऑर्बन निवृत्त झाले आणि भट्टीवाल्या लॅस्कोचा हा थोरला मुलगा शिकूनसवरून परत आला. तो दुसरीकडे कुठेही जाऊ शकला असता. या गावातली पोरं बाहेर पडली पाहिजेत, चांगल्या कॉलेजात गेली पाहिजेत, असं त्याला मनापासून वाटायचं. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे मी त्याच्याबद्दल फारसं चांगलं बोलणार नाही.

कॉलेजांना नुसते मार्क पुरत नाहीत हे त्याला पहिल्या दोन वर्षांतच कळलं. आमच्या पोरांचे मार्क बेताचेच. त्यांना ना व्हायोलिन येत, ना त्यांनी कधी समुद्रापलीकडे जाऊन गरिबांसाठी विहिरी खणल्या. मग तिसऱ्या वर्षी डॅरेल नावाचा एक मुलगा आला. आदल्या हिवाळ्यात त्याचं घर जळालं होतं आणि त्या आगीत त्याचा कुत्रा गेला होता. एमिलने त्याला अर्जासोबतच्या निबंधात तेच लिहायला लावलं, आणि काउन्सेलरने जे शिफारसपत्र जोडायचं असतं त्यात स्वतःही तेच लिहिलं. डॅरेलला इतक्या मोठ्या कॉलेजात प्रवेश मिळाला, की प्रिन्सिपलनी कॉलेजच्या नावाचा उच्चार दोनदा विचारून घेतला. त्या दिवशी एमिल बिघडला असं माझं मत आहे.

त्यानंतर त्याने एक लाकडी पेटी आणली. प्रत्येक मुलाचं एक कार्ड, आणि कार्डावर मुलाच्या नावाखाली एकच ओळ. ‘वडील गेले, आठवीत.’ ‘आई सोडून गेली.’ ‘भाऊ तुरुंगात.’ नववीतच तो कार्डं भरून घ्यायचा आणि बारावीत बाहेर काढायचा. शिक्षकांच्या खोलीत त्याची टर उडायची. शिवणकामाच्या बाई म्हणायच्या, “पापं असतील तर फादरकडे जा, दुःखं असतील तर लॅस्कोकडे.” पण पोरं कॉलेजात जात होती, प्रिन्सिपल खूष होते, आणि हळूहळू गावालाही ही विद्या अवगत झाली. एका आईने मला फोन करून विचारलं, “आमच्या वेंडेलला दमा आहे. चालेल का?” मी म्हटलं, विचारून सांगते.

ह्यूबर्ट नावाचा एक उंच, लाजाळू मुलगा आत जायच्या आधी माझ्या टेबलाशी घुटमळला होता. “मिसेस किश,” तो म्हणाला, “आमच्या घरी सगळे बरे आहेत.”

“मग चांगलंच आहे की.”

“नाही, म्हणजे आजी-आजोबासुद्धा. चारही.”

चोरी पकडली गेल्यासारखा त्याचा चेहरा झाला होता. आत एमिल त्याला म्हणाला, “घाबरू नकोस, काहीतरी सापडेल.” मी तेव्हा हसले होते.

टेसा डुडाश बारावीत आली ते २००२ साल. तिचा बाप रॉन डुडाश शाळेची सात नंबरची बस चालवायचा. त्याआधी तो दुसऱ्या गावातल्या काचेच्या कारखान्यात होता. तिथे त्याच्या पाठीवर काचेच्या पेट्यांची चळत कोसळली, डॉक्टरांनी वेदनेच्या गोळ्या दिल्या, आणि त्या गोळ्यांनी त्याला असं धरलं की चार वर्षं सोडलं नाही. गावात हे फार थोड्यांना ठाऊक होतं. टेसाला ठाऊक होतं, कारण चौदाव्या वर्षापासून गोळ्यांच्या बाटल्या लपवायची ती, आणि सोळाव्या वर्षी गाडीचं लायसन मिळाल्यावर त्याला नदीपलीकडच्या दवाखान्यात न्यायची तीच. मग रॉन सुटला. खरोखरच सुटला. दोन वर्षं गोळी नाही, दारू नाही, आणि सकाळी सहा वाजता बसची काच पुसत उभा. माझ्या नातवाला त्याच बसमधून नेऊन सोडायचा. पोरं खाली उतरताना तो प्रत्येकाला नावाने हाक मारून निरोप द्यायचा.

एमिलच्या कार्डावर टेसापुढे ओळ होती: ‘वडील, गोळ्या.’ नववीत कधीतरी तिच्या तोंडून निघून गेलं होतं. त्या दिवशी दार अर्धं उघडं होतं, म्हणून मी सगळं ऐकलं.

“टेसा, तू हे लिहिलंस तर तुला मी कुठेही पोचवतो,” एमिल म्हणाला. “फी माफ, राहणं-खाणं माफ.”

“नाही, सर.”

“लाजण्यासारखं त्यात काही नाही.”

“लाजत नाही मी. ते बस चालवतात. बसच्या नोकरीच्या फॉर्मवर विचारलं होतं, कधी कसली सवय होती का. त्यांनी ‘नाही’ लिहिलं. कळलं तर दुसऱ्या दिवशी चाव्या काढून घेतील.”

“मग कशावर लिहिणार आहेस?”

“पिरोगीवर.”

दर गुरुवारी चर्चच्या तळघरात बायका जमून बटाट्याचं सारण भरलेल्या पिरोगी करतात आणि शुक्रवारी विकतात. टेसा आईबरोबर सहाव्या वर्षापासून तिथे जायची. बारावीत येईपर्यंत पीठ लाटणाऱ्या बायकांची अख्खी रांग ती हाकायला लागली होती, आणि ऐंशी वर्षांच्या मिसेस हुडाकला “कडा नीट दाबा” म्हणून दटावणारी ती एकटीच.

“पिरोगीवर कुणी शिष्यवृत्ती देत नाही, पोरी,” एमिल म्हणाला.

“नाही तर नाही,” टेसा म्हणाली आणि उठली. पिरोगीवरच लिहून आणलं तिने. मी वाचलं. चांगलं होतं, दोनदा हसले मी.

आता एक फॉर्म असतो. त्यावर मुलाने सही करायची की, माझ्याबद्दलचं शिफारसपत्र वाचण्याचा हक्क मी सोडत आहे. एमिल सगळ्यांकडूनच सही घ्यायचा. मूल वाचणार नाही अशी खात्री असली तरच कॉलेज पत्रावर विश्वास ठेवतं, असं तो समजावायचा, आणि ते खोटंही नव्हतं. टेसाने इतरांसारखीच सही केली. दुसऱ्या दिवशी एमिलने स्वतःच्या हाताने लिहिलेली चार पानं माझ्यापुढे टाकली. त्यात सगळं होतं. बाटल्या, दवाखाना, हिवाळ्यात गाडीत बसून अभ्यास करणारी मुलगी. टाइप करताना मला रडू आलं. इतकं सुंदर पत्र त्याने आयुष्यात लिहिलं नव्हतं.

“एमिल,” मी म्हटलं, “ती नको म्हणाली होती.”

“निबंधात नको म्हणाली. पत्र माझं आहे.”

“आणि तिला कळणारही नाही.”

“कुणालाच कळणार नाही, लोइस. कॉलेजात चार माणसं वाचतील आणि फाइल बंद करतील. तिला इथून बाहेर काढायचंय की नाही तुला?”

मला काढायचं होतं. म्हणून पत्र पाकिटात घातलं आणि पाकीट चिकटवलं.

एप्रिलमध्ये टेसाला प्रवेश मिळाला. सगळं माफ. आमच्या शाळेतून तिथे आजवर कुणी गेलं नव्हतं. एमिल दिवसभर कॉरिडॉरमधून उगाचच फेऱ्या मारत होता. दुपारी तो कँटीनच्या देखरेखीला गेला असताना गावच्या साप्ताहिकातून फ्लॉइडचा फोन आला. फ्लॉइडला मी शाळेपासून ओळखते.

“डुडाशच्या पोरीबद्दल चार ओळी दे ना, लोइस. अंक उद्या छापायचाय. मार्क-बिर्क नको, जरा माणसाचं काहीतरी.”

इथे मी एमिलला विचारायला हवं होतं. पत्र गुप्त असतं हे मला त्याच्याइतकंच ठाऊक होतं. पण मला त्या पत्राचा अभिमान होता, जणू मीच लिहिलं होतं. शेजारच्या गावात ते वाचलं जावं, आमच्या शाळेत कसली माणसं काम करतात ते लोकांना दिसावं, असं वाटलं. चारही पानं फॅक्समध्ये घातली आणि फ्लॉइडला म्हटलं, “यातलं चांगलं तेवढंच घे हं.” त्याने चांगलं तेवढंच घेतलं. गुरुवारी अंक आला तेव्हा पहिल्या पानावर टेसाचा हसरा फोटो होता आणि खाली बाटल्या, दवाखाना आणि गाडीतला अभ्यास.

शुक्रवारी सकाळी सात नंबरच्या बसमध्ये अकरा मुलं कमी चढली. आयांनी स्वतःच्या गाडीने आणून सोडली. दुपारपर्यंत प्रिन्सिपलचा फोन खाली ठेवायची सोय उरली नाही. माझ्या सुनेनेही फोन केला होता, हेही सांगून टाकते.

सोमवारी लायब्ररीत शाळा-समितीची सभा भरली. रॉनने तपासणीचे कागद आणले होते, दर तिमाहीचे, सगळे स्वच्छ. ते कुणी हातात घेतले नाहीत. समितीच्या बाई फार गोड बोलल्या. म्हणाल्या, “रॉन, तू आज काय आहेस यावर आमचा आक्षेप नाही. फॉर्मवर खोटं लिहिलंस, प्रश्न तो आहे.”  रॉनने बसच्या चाव्या टेबलावर ठेवल्या, त्यांच्या रिंगमधून घराची किल्ली काढून घेतली आणि बाहेर गेला.

मग कुणीतरी विचारलं, पत्र बाहेर गेलं कसं? मी तिसऱ्या रांगेत पर्स मांडीवर घेऊन बसले होते. एमिल उभा राहिला. “माझ्या ऑफिसातून गेलं,” तो म्हणाला. “मी दिलं.” त्याने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्याला लेखी समज मिळाली, पगारवाढ दोन वर्षं थांबली. मला तर कामावरूनच काढलं असतं, कारण माझ्यामागे शिक्षकांसारखी संघटना नव्हती आणि निवृत्तीला चार वर्षं होती. बाहेर पार्किंगमध्ये मी त्याला गाठलं.

“हे कशाला केलंस?”

“पत्र मी लिहिलं नसतं तर तू काय पाठवलं असतंस?” तो म्हणाला आणि गाडीत बसला.

त्याने मला वाचवलं आणि त्याबद्दल मी त्याला कधी माफ केलं नाही. मी उभी राहिले असते तर निदान शरमेनं मान खाली घालून मोकळी झाले असते. आता रोज सकाळी त्याला कॉफी नेऊन द्यायची आणि गप्प बसायचं. बाहेर मी सगळ्यांपुढे त्याच्या नावाने बोटं मोडायची. शिक्षकांच्या खोलीत माझ्याइतकं त्याला कुणीच बोललं नसेल.

मंगळवारी टेसा आली. रडत नव्हती. एमिलपुढे उभी राहिली. दार तिने लावलं नाही.

“मी सही केली होती,” ती म्हणाली. “वाचण्याचा हक्क सोडते म्हणून. तुम्ही म्हणालात, विश्वासाचा प्रश्न असतो.”

“टेसा, मी तुझ्यासाठी…”

“हे वाचा.”

प्रवेशाच्या पत्रासोबत कॉलेजच्या बाईंनी हाताने लिहिलेली एक चिठ्ठी आली होती. एमिलने ती मनात वाचली. तेव्हा टेसाने ती त्याच्या हातून घेतली आणि मोठ्याने वाचून दाखवली. ‘मिसेस हुडाक आणि त्यांच्या पिरोगीच्या कडा आम्ही अख्ख्या समितीला वाचून दाखवल्या. इतकं हसलो, की त्यानंतर तुझ्या नावावर चर्चाच झाली नाही. ये लवकर.’

“चर्चाच झाली नाही,” टेसा म्हणाली. “म्हणजे तुमचं पत्र लागलंच नाही.”

एमिलचा चष्मा कपाळावर होता. तो तसाच राहिला. टेसा माझ्या टेबलावरून जाताना थांबली आणि म्हणाली, “थँक्यू, मिसेस किश. तुम्ही नेहमी चांगलं वागलात.” हे ऐकण्यापेक्षा तिने तोंडात मारली असती तर बरं झालं असतं.

ती ऑगस्टमध्ये गेली. तिला जायचं नव्हतं, रॉनने तिची बॅग स्वतः गाडीत टाकली. त्यानंतर ती एका नाताळला आली, दुसऱ्याला आली नाही. रॉनला वीस मैलांवर एका गोदामात माल लावायचं काम मिळालं. पुन्हा गोळ्यांकडे तो गेला नाही. गावाने मात्र त्याच्याकडे अशा नजरेने पाहायला सुरुवात केली, की जणू आज ना उद्या तो जाणारच आहे. चर्चच्या तळघरात त्याच्या बायकोला कुणी वाईट बोललं नाही. “पॉलेट, तू आराम कर, सध्या हात पुरेसे आहेत,” एवढंच म्हणाल्या. दर गुरुवारी म्हणाल्या. मीही तिथेच होते, सारणाचे गोळे करत.

एमिलने पेटी कपाटात टाकली. वर्षभर तो मुलांना मार्क विचारत राहिला, आवड कशाची आहे विचारत राहिला, बोटीवरच्या आणि विजेच्या कामाच्या नोकऱ्यांची माहिती देत राहिला. त्या वर्षी चांगल्या कॉलेजांत गेलेली मुलं मोजायला एका हाताची बोटंही जास्त झाली. प्रिन्सिपलनी त्याला बोलावून घेतलं. आयांनी फोन केले, ज्यांनी बसमधून मुलं उतरवली होती त्याच आयांनी. “टेसाला दिलं तसं पत्र आमच्या पोरीला का नाही?” असं त्यातली एक मला विचारत होती. सप्टेंबरमध्ये मी खोलीत गेले तर पेटी टेबलावर होती आणि एमिल नववीच्या एका मुलाला विचारत होता, “बरं, घरी काय चाललंय?”

त्याच शरदात लिडिया बारावीत आली. टेसाची धाकटी बहीण. टेसासारखी उंच नाही, बोलकी नाही, पण मार्कांत तिच्यापेक्षा सरस. ती आत जाऊन बसली तेव्हा एमिलने तिला तो प्रश्न विचारला नाही. कॅटलॉग पुढे सरकवले, गणिताबद्दल बोलला, लांबच लांब बोलत राहिला. लिडियाने दप्तरातून तीन कागद काढून त्याच्यापुढे ठेवले.

“निबंध,” ती म्हणाली. “लिहून झालाय.”

एमिल वाचू लागला. मी दारात कॉफी घेऊन उभी होते.  वाचून झाल्यावर त्याने कागद खाली ठेवले.

“लिडिया, हे नको लिहूस. तुझ्या बहिणीने काय सुंदर लिहिलं होतं. तसं काही, तुझ्या आवडीचं…”

“टेसाला सोपं होतं, सर,” ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, तो असता तर आम्हाला बरं वाटलं असतं. “तेव्हा आम्हाला गुरुवारी बोलवायचे. मला दीड वर्ष कुणी कुठे बोलावलेलं नाही. डॅडी गोदामातून येतात, जेवतात, टीव्ही लावतात. आई पडदे ओढून घेते. माझ्याकडे लिहायला एवढंच आहे. आणि तुम्हीच म्हणता ना सगळ्यांना, जे दुखलं ते लिहा म्हणून.”

एमिलने कॅटलॉग बाजूला सरकवले.

“मला इथून जायचंय,” लिडिया म्हणाली. “याने मिळेल ना?”

त्याने कागद पुन्हा उचलले. तो खोटं बोलू शकला असता. बरं नाही, कच्चं आहे, फाडून टाक, असं म्हणू शकला असता, आणि ती ऐकणारी मुलगी होती. पण त्याला चांगला निबंध कळायचा, पंधरा वर्षं त्याने दुसरं काही केलंच नव्हतं.

“मिळेल,” तो म्हणाला.

“तुमचं नाव त्यात आहे. बदलू का?”

“नको. राहू दे.” त्याने पेन्सिल घेतली. “फक्त सुरुवात सैल आहे. चर्च, गाव, हे सगळं नंतर. हे दुसऱ्या पानावरचं वाक्य आहे ना, ते पहिलं आण.”

लिडियाने वाकून पाहिलं आणि मान हलवली. मग त्याने माझ्याकडे पाहिलं, दीड वर्षात पहिल्यांदा नीट पाहिलं, आणि कागद माझ्याकडे दिले. अर्ज मंगळवारच्या टपालात जायला हवा होता.

त्याने खूण केलेलं वाक्य असं होतं: ‘मिस्टर लॅस्को यांनी माझ्या वडिलांचं गुपित वर्तमानपत्राला दिलं, आणि त्यानंतर आमच्या दारावर कुणी थाप मारली नाही.’

मी कागद मशीनमध्ये घातला. ‘मिस्टर लॅस्को’ ही अक्षरं आली तेव्हा माझी बोटं थांबतील असं मला वाटलं होतं. दार उघडं होतं, मुलगी समोर बसली होती, खरं नाव सांगायला दोन शब्द पुरले असते. एकही चूक न करता मी ते टाइप केलं आणि लिडियाला विचारलं, तिला एक जादा प्रत हवी आहे का.